माळा राहता करताना: डॉर्मर ठरवण्याच्या नोंदी

३ फेब्रुवारी

मापं घेतली. घर साधं आहे. दोन उतारांचं छप्पर, खाचेची कौलं, आढं घराच्या लांबीने धावतं, उतार ४०°. माळा आजवर अडगळीपुरता. आता तिथे झोपायच्या दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि वर जायला धड जिना हवा आहे.

इन्सुलेशन आणि अस्तर लागल्यावर आत जी जागा उरेल तीच धरतोय. रुंदी ७.८ मीटर, लांबी १०.४, आढ्याखाली उंची ३.२८. बाहेरच्या भिंतीपासून एक मीटर आत आलं की डोक्यावर ८४ सेंमी मिळतात, दोन मीटर आलं की १.६८ मीटर. २.१ मीटर मिळायला अडीच मीटर आत यावं लागतं. म्हणजे आढ्याच्या दोन्ही अंगांना १.४ मीटर धरून २.८ मीटर रुंदीचा पट्टा ताठ चालण्याजोगा. ८१ चौरस मीटरांपैकी जेमतेम २९.

घरमालकीणबाईंनी (नोंदीत यापुढे ताई) आवडलेल्या घरांचे फोटो दिले आहेत. सगळ्यांत दर्शनी बाजूला त्रिकोणी टोपीचे छोटे डॉर्मर, म्हणजे उतरत्या छपरातून बाहेर काढलेल्या, स्वतःचं छोटं छप्पर असलेल्या उभ्या खिडक्या. दिसतात गोड, वाद नाही. पण त्यातल्या एकाही फोटोत घराचा सेक्शन (उभा छेद) नाही, आणि डॉर्मरची जात सेक्शनवरच ठरते. तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सेक्शन काय म्हणतो ते सांगा, पण माझे त्रिकोण विसरू नका."

५ फेब्रुवारी

आधी मुळातला प्रश्न: डॉर्मर लागतोच का?

आढ्याच्या दोन्ही टोकांना घराच्या उभ्या त्रिकोणी भिंती असतात. तिथे खिडकी काढता आली तर छपराला हात लावायची गरज नाही. उजेड मिळतो, हवा खेळते, गळतीची नवी जागा तयार होत नाही. इथे एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. दुसरी हद्दीला इतकी जवळ की आगीच्या नियमात तिच्यात उघडी खिडकी बसत नाही, शिवाय धुराडं तिच्यातूनच जातं. हा मार्ग बंद.

दुसरा पर्याय छपराच्या उतारातच बसणारी खिडकी. एक-दोन वासे कापायचे, चौकट बसवायची, झालं. उजेडाच्या बाबतीत ती डॉर्मरपेक्षा उजवी, कारण ती थेट आभाळाकडे बघते आणि डॉर्मरच्या बाजूच्या भिंती अर्धं आभाळ झाकतात. पण तिने उंची एका बोटानेही वाढत नाही. आपलं दुखणं उजेडाचं नंतर, उंचीचं आधी. खालचा जिना मागच्या भिंतीजवळ आहे. तोच वर चढवला तर जिन्याच्या मध्यावर छप्पर फक्त एक मीटरवर येतं, आणि हवी दोन मीटर. जिना घराच्या मधोमध सरकवायचा म्हटलं तर खालच्या मजल्याची एक खोली खर्ची पडते.

तेव्हा मागच्या बाजूला डॉर्मर हवाच. पुढच्या बाजूला हवा की नको, ते मोकळं ठेवतो.

८ फेब्रुवारी

जाती मांडून बसलो. सगळ्या नव्हे, या घराशी ज्यांचं काही नातं जुळू शकतं त्या.

त्रिकोणी, म्हणजे गेबल डॉर्मर. दोन उतारांची टोपी, समोर त्रिकोणी कपाळ. पाणी दोन्ही बाजूंना झटकन जातं आणि मुख्य छपराचंच कौल याच्यावर चढतं, हे दोन मोठे गुण. अडचण सांध्यांची. टोपीचा प्रत्येक उतार मुख्य छपराला जिथे भेटतो तिथे एक व्हॅली (दोन उतारांमधली पाण्याची घळ) तयार होते. एका डॉर्मरमागे दोन व्हॅली आणि दोन गाल (बाजूच्या त्रिकोणी भिंती). तीन डॉर्मर घेतले की सहा व्हॅली, सहा गाल. गळती याच ओळींवर होते.

एकउतारी, म्हणजे शेड डॉर्मर. एकच सपाट उतार, मुख्य छपराच्याच दिशेने पण कमी कोनात. व्हॅली एकही नाही, गाल दोनच, मग रुंदी दोन मीटर असो वा सहा. आतून सगळ्यात जास्त जागा हाच देतो. हिशेब केला: १.४ मीटर रुंदीचे तीन गेबल मिळून ताठ उभं राहायला साधारण ७.१ चौरस मीटर देतात, तेही तीन तुकड्यांत. पाच मीटर रुंदीचा एक शेड ८.५ देतो, सलग. जिना आणि न्हाणीघर शेजारीशेजारी बसवायचं तर सलगपणाला जास्त मोल. तोटा दिसण्याचा. रुंद शेड डॉर्मर बेतशीर नसला की छपरावर कंटेनर ठेवल्यासारखा दिसतो.

हिप डॉर्मर: तीन उतार, समोरचं कपाळ नाही. चारही बाजूंनी उतरणाऱ्या छपरावर शोभतो, वाऱ्याला कमी अडतो. आपल्या घराला दोन टोकांना उभ्या भिंती आहेत, त्यामुळे हा पाहुणाच वाटेल. सोडला.

भिवईसारखा वळणदार: गाल नाहीत, छप्परच लाटेसारखं वर उचललेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री हॉब्सन रिचर्डसन या अमेरिकी वास्तुविशारदाने तो फार नजाकतीने वापरला. गवती किंवा छोट्या पट्ट्यांच्या छपरावर ते वळण सहज बसतं. खाचेची कौलं एकमेकांत सरळ रेषेत अडकतात, त्यांना वळवणं म्हणजे प्रत्येक कौल कापणं. शिवाय उंची जवळपास काहीच देत नाही. मनातून आवडतो, इथे निरुपयोगी.

भिंतीतून सरळ वर गेलेला डॉर्मर: खालच्या भिंतीचाच चेहरा वळचण ओलांडून वर जातो. खिडकी मोठी मिळते. पण वळचणीची पन्हळ मधेच तुटते आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा पाण्याचा पाइप द्यावा लागतो. ताईंना मागे नवे पाइप चालणार नाहीत. सोडला.

आत घेतलेला डॉर्मर, म्हणजे उतारात खाच पाडून छोटी बाल्कनी. बाहेरून छप्पर जवळपास अखंड दिसतं. पण जागा मिळण्याऐवजी जाते, आणि बाल्कनीची फरशी म्हणजे खालच्या खोलीवरचं सपाट छप्पर. आधीच जागेची मारामार, त्यात हा नकोच.

जाता जाता: सतराव्या शतकात फ्रान्स्वा मान्सार यांनी ज्या दुहेरी उताराच्या छपराला लोकप्रिय केलं, त्याचा खालचा उतार जवळजवळ भिंतीसारखा उभा असतो. तिथे डॉर्मर काढणं तुलनेने सोपं, कारण खिडकी उभी केली की वरच्या टोकाला ती छपरापासून फारशी सुटतच नाही. गाल चिंचोळे, टोपी आखूड. उतार जितका पसरट, तितका डॉर्मर मागे लांबत जातो. याच घराचं छप्पर २५° असतं तर आढ्याखालीसुद्धा उंची १.८२ मीटर भरली असती, आणि डॉर्मरच्या गप्पा सोडून छप्परच उचलायचा विचार करावा लागला असता. ४०° हे आपलं नशीब.

१२ फेब्रुवारी

माळ्यावर पट्ट्या आणि सुतळी लावून मागचा डॉर्मर खऱ्या मापात उभा केला. लाकडी पट्ट्यांनी पुढचा चेहरा (डॉर्मरची समोरची उभी भिंत), सुतळीने छताची रेघ, जमिनीवर खडूने जिना आणि न्हाणीघर. ड्रॉइंगवर मान डोलावणारी माणसं सुतळीखाली उभी राहिली की प्रश्न विचारायला लागतात.

ताईंनी आधी न्हाणीघरात उभं राहून पाहिलं. वॉशबेसिन चेहऱ्याच्या भिंतीला लावलं होतं. त्या पुढे वाकल्या, सुतळी डोक्याला लागली नाही. मग म्हणाल्या, "आरसा कुठे लावणार? समोर तर खिडकी आहे." बरोबर आहे. बेसिन आतल्या भिंतीला गेलं, खिडकीखाली कमोड आला. कमोडपाशी माणूस उभा राहतो तिथे २.१५ मीटर मिळतात, पुरे.

जिन्याच्या खडूच्या रेघांवरून चालताना एक गोष्ट ध्यानात आली. वरून तिसऱ्या पायरीवर माणूस वळतो, आणि वळताना खांदा चेहऱ्याच्या भिंतीकडे झुकतो. जिन्याची बाहेरची कड आणि चेहऱ्याची आतली बाजू एकाच रेषेत हवी. जिना भिंतीपासून ८० सेंमीवर सुरू होतो, म्हणून चेहरासुद्धा ८० सेंमीच्या आत येऊ शकत नाही. बाहेर मात्र सरकू शकतो.

१४ फेब्रुवारी

शेड डॉर्मरचा कोन. सगळं घोडं इथे अडतं.

चेहऱ्याची आतली उंची २.१५ धरली आणि छप्पर थेट आढ्यापर्यंत नेलं, तर:

चेहरा भिंतीपासून ५० सेंमीवर: कोन १८.४°.
८० सेंमीवर: २०°.
९० सेंमीवर: २०.६°.

म्हणजे चेहरा आत घेतला की कोन वाढतो, बाहेर नेला की कमी होतो. आता कौलाचा तक्ता काढून बघितला. या खाचेच्या कौलाला किमान २२.५° हवेत, त्याखाली वाऱ्याने पाणी खाचांतून उलटं चढतं. आपल्याला कुठल्याच मापाला तेवढे मिळत नाहीत. चेहऱ्याची उंची दोन मीटरवर आणून कोन ओढूनताणून वाढवता येईल, पण मग खिडकी आखडते आणि न्हाणीघर कोंदट होतं.

डांबरी शिंगल असतं तर हाच कोन चालला असता: त्यांना साधारणपणे १२ ला ४ (आडव्या १२ मागे उभे ४) असा चढ पुरतो, म्हणजे १८.४°, आणि खालचं अस्तर दुहेरी केलं तर १२ ला २ वरही लावतात. पण लाल कौलांच्या छपरावर शिंगलचा तुकडा? नको.

उरला धातूचा पत्रा, उभ्या शिवणीचा. दोन पत्र्यांच्या कडा उभ्या दुमडून एकमेकींत गुंतवलेल्या असतात, सांधा पाण्याच्या वाटेपेक्षा वर राहतो, त्यामुळे अगदी कमी उतारावर चालतो. पत्राच घ्यायचा तर मग २०° चा हट्ट कशाला? १०° केले. चेहरा ८० सेंमीवर, उंची २.१५, नवं छप्पर मुख्य छपराला आढ्याच्या ८७ सेंमी आधीच भेटतं. भेटीच्या जागी आत उंची २.५४, छान. आणि वर आढ्यापर्यंत उतारावर सव्वा मीटरच्या आतबाहेर जुनी कौलं तशीच राहतात. आढं अखंड, बाजूने बघितलं तर घराची रेघ तीच.

१७ फेब्रुवारी

स्ट्रक्चरल अभियंत्यांबरोबर बैठक.

त्यांचा पहिला प्रश्न: वासे आहेत की कारखान्यात बनवलेले ट्रस (दांड्या जोडून केलेले त्रिकोणी सांगाडे)? वासे आहेत, हाताने कापून बसवलेले. ते हसले. ट्रस असते तर एक दांडी कापायलासुद्धा नव्याने हिशेब लागतो, कारण त्यातला प्रत्येक तुकडा दुसऱ्याला ओढून धरतो.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत: समोरासमोरचे वासे आढ्यापाशी एकमेकांना टेकून उभे असतात आणि खालची टोकं बाहेर ढकलतात. माळ्याच्या तुळया ती टोकं बांधून धरतात. असा त्रिकोण. मागच्या बाजूचे पाच मीटरमधले वासे कापले की त्रिकोणाचा एक पाय गेला. समोरचे वासे मात्र पूर्वीसारखेच ढकलत राहणार. त्यामुळे आढ्याची पाटी, जी आजवर फक्त वासे ठोकायला होती, तिच्या जागी खरी वजन पेलणारी तुळई आली पाहिजे. ती खांबांवर, खांब खालच्या भिंतीवर, भिंत पायावर.

त्यांना डॉर्मरचं छप्पर आढ्यापर्यंत न्यायला आवडलं असतं. नवे वासे सरळ त्याच तुळईवर टेकले असते, काम सुटसुटीत. माझ्या १०° च्या छपराला आढ्याखाली आणखी एक आडवी तुळई लागते, जिच्यावर वरचे कापलेले आखूड वासे आणि डॉर्मरचे नवे वासे दोन्ही येतात. पाच मीटरचा गाळा, तुळई जाडजूड, आणि ती नेमकी डोक्यावर लटकणार.

तोडगा नकाशातून निघाला. न्हाणीघर आणि जिना यांच्यामधली भिंत डॉर्मरच्या साधारण मध्यावर येते. तिच्यात खांब लपवला की पाचाचे अडीच-अडीच झाले. खालच्या मजल्यावर त्याच रेषेत वीटभिंत आहे, वजन तिच्यावर उतरतं. दोन्ही टोकांना, जिथे डॉर्मरचे गाल उभे राहणार, तिथले वासे दुहेरी. तुळईची खोली आता छताच्या जाडीत मावते. अभियंते म्हणाले, "भिंत हलवू नका म्हणजे झालं." नकाशावर त्या भिंतीवर लाल शेरा मारला.

२० फेब्रुवारी

आजचा दिवस खिडकीच्या उंबऱ्यावर गेला. डॉर्मरची खिडकी हवी तेवढी खाली नेता येत नाही, कारण खाली छप्पर असतं. हिशेब असा:

चेहऱ्याच्या आतल्या बाजूला, ८० सेंमीवर, छपराची आतली उंची ६७ सेंमी. चेहऱ्याची भिंत २० सेंमी जाड, म्हणजे तिची बाहेरची बाजू २० सेंमी खाली उतारावर. तिथे छप्पर १७ सेंमीने उतरलेलं. ६७ वजा १७, पन्नास. त्यात छपराची जाडी, वासा, इन्सुलेशन, रिपा, कौल सगळं धरून उभ्या मापात ३८. झाले ८८. कौलाच्या पाठीपासून फ्लॅशिंगचा, म्हणजे छप्पर आणि भिंतीमधला सांधा झाकणारा, पत्रा भिंतीवर १५ सेंमी चढायला हवा. त्याहून कमी असला की उडणारं पाणी वरून आत जातं. १०३. चौकटीचा खालचा लाकडी ठोकळा ४. एकूण १०७.

खिडकीतून आगीच्या वेळी बाहेर पडायचं असेल तर उंबरा फार उंच चालत नाही. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत ही मर्यादा ४४ इंच, म्हणजे ११२ सेंमीच्या आत. इतरत्र थोडाफार फरक, पण माणसाची कंबर सगळीकडे सारखीच. १०७ बसतं. चेहरा ९० सेंमीवर नेला असता तर ११६, बाद. पन्नासवर ८२, मोठी खिडकी, मोह पडण्याजोगी. पण मग बाहेरून दिसणारा चेहरा सव्वा मीटरऐवजी दीड मीटर उंच होतो आणि मागचं छप्पर त्याच्या ओझ्याखाली दबल्यासारखं दिसतं.

८० सेंमी पक्कं. जिन्याला तेच हवं होतं, उंबऱ्याला तेच. इतकं जुळून येणं विरळाच.

२४ फेब्रुवारी

पुढची बाजू. ताईंचे त्रिकोण.

दोन्ही खोल्या माळ्याच्या दोन टोकांना, पुढून मागेपर्यंत. मधे मागच्या अंगाला जिना आणि न्हाणीघर. खालच्या दर्शनी भिंतीत खिडकी, दार, खिडकी अशी रचना. डॉर्मर एकच असता तर दाराच्या डोक्यावर बरोबर मधे शोभला असता, पण तिथे दोन खोल्यांमधली भिंत येते. डॉर्मरच्या पोटात भिंत घुसवायची आणि अर्धी खिडकी या खोलीला, अर्धी त्या, हे चाळे नकोत. म्हणून दोन, खालच्या खिडक्यांच्या मध्यरेषांवर.

उंचीसाठी त्यांची गरज नाही. खोल्यांना आढ्याखालचा पट्टा आहे. गरज बाहेर पडायच्या वाटेची आणि समोर बघण्याची. म्हणजे छोटे चालतील. त्रिकोणी टोपी ४०° ची, मुख्य छपराला समांतर, त्यावर तीच कौलं. इथे गेबलच योग्य, आणि हे ताईंना सांगताना मलाही बरं वाटलं.

खरी लढाई जाडीची. जुन्या घरांचे डॉर्मर नाजूक दिसतात कारण त्यांच्या गालांत एका फळीपलीकडे काही नसायचं. आत थंडी वाजायची, उन्हाळ्यात भट्टी. आज गालांत इन्सुलेशन भरायचं तर प्रत्येक बाजू २०-२२ सेंमीची होते. आतून १.२ मीटर ठेवले की बाहेरून १.६४. खालची खिडकी १.२ ची. वरचा डॉर्मर खालच्या खिडकीपेक्षा रुंद झाला की घर डोक्याने जड दिसतं.

गालांसाठी कडक फोमचे बोर्ड घेतले, कमी जाडीत तेवढंच काम करणारे. गाल १७ सेंमीवर आला. आतली रुंदी ९० केली. बाहेरून १.२४. आता खालच्या खिडकीच्या चौकटीबरोबर डॉर्मरच्या कडा जवळपास एका रेषेत येतात.

खिडकी बाजूला उघडणाऱ्या पल्ल्याची. उंबरा १०७, वरची कड २ मीटरवर. मोकळी वाट ६५ बाय ८२ सेंमी मिळते, ०.५३ चौरस मीटर. वर म्हटलेल्या संहितेला नेमके तेवढेच हवेत, ५.७ चौरस फूट. जेमतेम! चौकट मागवताना जाडी एका सेंमीने जरी वाढली तरी हे बिघडतं, म्हणून मोकळ्या वाटेचं माप ऑर्डरवर वेगळं लिहायचं.

उजेडाला ही खिडकी पुरणार नाही. मागच्या उतारावर, शेड डॉर्मरच्या दोन्ही अंगांना २.७ मीटर छप्पर उरतं, ते खोल्यांचंच. तिथे प्रत्येकी एक उतारातली खिडकी, ७८ बाय ११८ सेंमीची. समोरून हवा, मागून हवा, उन्हाळ्यात वारं आरपार.

२७ फेब्रुवारी

पुठ्ठ्याचं मॉडेल, एकास पन्नास. मागचा डॉर्मर कमीजास्त रुंदीचा करून पाहिला. सहा मीटरला छप्पर संपतं आणि डॉर्मरच उरतो. पाच मीटरला दोन्ही बाजूंना पुरेशी कौलं दिसतात. खाली वळचणीपाशी पट्टा, वर आढ्यापाशी पट्टा, दोन्ही अंगांना कौलं. चारही बाजूंनी मूळ छप्पर दिसत राहिलं पाहिजे, एवढा एक नियम पाळला तर शेड डॉर्मर फारसा फसत नाही. इंग्लंडमध्ये परवानगीविना डॉर्मर काढायचा तर तो वळचणीपासून शक्य तिथे किमान २० सेंमी मागे असावा लागतो. आपण त्याहून कितीतरी मागे आहोत.

चेहऱ्यावर सलग काच ओढण्याची कल्पना आली होती. न्हाणीघर आणि जिना यांना तशी गरज नाही. दोन खिडक्या, मधे फळ्यांची भिंत. फळ्या उभ्या, गडद करड्या, पत्र्याच्या रंगाच्या. लाल कौलांत तो मागे सरतो.

३ मार्च

छपराचे मिस्त्री आले. वयाने मोठे, बोलायला कमी. ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि थेट गालाच्या तळाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पाणी इथे येणार. इथे काय करणार ते सांगा."

गालाच्या कडेने पाणी खाली धावतं आणि चेहऱ्याच्या कोपऱ्याशी वळतं. तिथे तीन पत्रे भेटतात: गालाचा पायऱ्यांचा पत्रा, चेहऱ्याखालचा पसरट पत्रा आणि कौलांची ओळ. मिस्त्रींचं म्हणणं, कोपऱ्याचा तुकडा एकाच पत्र्यातून दुमडून घ्यावा, कापून जोडू नये. जोड उन्हात ताणला जातो आणि पहिला तिथे तडकतो. चेहऱ्याखालचा पत्रा आधी, कोपरा त्यावर, गालाचे तुकडे त्याहून वर, प्रत्येक कौलाच्या ओळीला एक स्वतंत्र तुकडा. एक लांब पट्टी ठोकून मोकळं होण्याला त्यांचा सक्त विरोध, आणि त्यांचं बरोबर आहे: एका ओळीत पाणी शिरलं तरी त्या ओळीतच बाहेर पडलं पाहिजे.

फळ्यांची खालची कड कौलांपासून पाच सेंमी वर. कौलाला टेकलेली फळी पाणी शोषते आणि खालून कुजते.

पुढच्या गेबलांच्या व्हॅल्यांसाठी त्यांनी उघडी व्हॅली मागितली, म्हणजे मधे पत्रा दिसता ठेवायचा, कौलं दोन्ही बाजूंनी कापून थांबवायची. पालापाचोळा अडकत नाही, साफ करता येते.

वरच्या सांध्याबद्दल, जिथे १०° चा पत्रा ४०° च्या कौलांखाली शिरतो: पत्रा कौलांखाली चांगला वर न्यायचा आणि टोक उलटं दुमडायचं, म्हणजे वाऱ्याने ढकललेलं पाणी तिथे थबकून परत येतं.

७ मार्च

हवा आणि वाफ. थोडक्यात.

मुख्य छपरात इन्सुलेशन आणि कौलांखालच्या पडद्यामध्ये ५ सेंमी पोकळी आहे, वळचणीकडून हवा आत येते आणि आढ्याकडे बाहेर जाते. डॉर्मर मधे आला की ती वाट तुटते. वरच्या आखूड पट्ट्याला वेगळी हवेची वाट डॉर्मरच्या सांध्यापाशी दिली. १०° च्या छपरात मात्र हवा नीट वाहतच नाही, उतार कमी. तिथे इन्सुलेशन सगळं फळीच्या वर, आतल्या बाजूला वाफ अडवणारा पडदा, त्यावर पत्रा. न्हाणीघर खालीच आहे, तो पडदा एका ठिकाणी जरी फाटला तरी वाफ फळीला लागेल. दिव्यांसाठी छतात भोकं पाडायची नाहीत, दिवे भिंतीवर.

११ मार्च

ड्रॉइंग पूर्ण, ताईंच्या सह्या झाल्या. मागे पाच मीटरचा एकउतारी, १०°, उभ्या शिवणीचा पत्रा. पुढे दोन त्रिकोणी, ४०°, कौलं. मागच्या उतारावर दोन खिडक्या.

कामाचा क्रम अभियंत्यांशी बोलून लिहिला. आधी आढ्याची वजन पेलणारी तुळई आणि तिचे खांब, छप्पर अखंड असतानाच. खालच्या भिंतीवरची बैठक तपासल्याशिवाय खांब उभे करायचे नाहीत. मग दुहेरी वासे, मग आडवी तुळई, आणि त्यानंतरच मधले वासे कापायचे. पुढचे दोन छोटे डॉर्मर मागचं छप्पर बंद झाल्यावर; दोन्ही उतार एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत. ताडपत्री आढ्यावरून पलीकडे नेऊन बांधायची, नाहीतर पाणी तिच्याखालून शिरतं.

कापलेली कौलं फेकायची नाहीत. धुऊन, तडे बघून रचून ठेवायची, पुढच्या टोप्यांना लागतील. पाच मीटरच्या खाचेतून निघणारी कौलं दोन्ही टोप्यांना पुरून वर दुरुस्तीला उरतात.

खिडक्यांचा कारखाना पुढच्या खिडक्यांच्या चौकटीचा तपशील पाठवणार आहे. मोकळ्या वाटेचं माप त्यांनी लेखी कळवल्यावरच ऑर्डर.